बावीस नंबरचा उन्हाळा

परवा शेजारच्या सावंत काकूंनी दार वाजवलं आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुळशीला रोज पाणी, आणि खाटेखालच्या आंब्यांवर लक्ष. पिकले की खाऊन टाक, लाजत बसू नकोस. मागच्या वर्षी लाजलास आणि अर्धे सडवलेस." मी हो म्हटलं. खाली रिक्षा थांबली होती, सावंत काका बॅगा मोजत होते. पाच मिनिटांत ते कणकवलीच्या वाटेला लागले आणि आमच्या मजल्यावर फक्त माझ्या दाराबाहेर चपला उरल्या.

नेरूळमध्ये मे महिना मला असा कळतो. आमच्या सोसायटीतलं जवळजवळ प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. कोणी कोकणातून, कोणी साताऱ्याकडून, कोणी विदर्भातून. निकाल लागले की ही सगळी माणसं आपापल्या गावी निघून जातात. मग पार्किंगमधल्या गाड्यांवर बदामाची लाल पानं साचत राहतात. जिन्यात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. सकाळी लिफ्ट तळमजल्यावर सोडून मी कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा ती तिथेच उभी असते. मधल्या वेळात तिला कोणी बोलावलेलंच नसतं.

काकूंच्या बंद घरात शिरलं की आंब्यांचा वास अंगावर येतो. वाशीच्या मार्केटमधून आणलेली पेटी फोडून काका ते खाटेखाली पेंढ्यात मांडून जातात. मी वाकून एकेक आंबा उलटा करतो, देठाजवळ हुंगून बघतो. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्यांच्या फोटोंसमोर, असं गुडघ्यावर बसलेलं असताना मला दर वर्षी तोच एक उन्हाळा आठवतो. माझा इथला पहिला. त्या उन्हाळ्यात मी एका माणसाची लोकप्रियता मोजत होतो.

तो माणूस परदेशातला. व्यावसायिक बास्केटबॉल खेळून निवृत्त झालेला. त्याचं नाव मी आजही लिहीत नाही, कारण तसं सही करून दिलंय. ऑफिसात आम्ही त्याला त्याच्या जर्सीवरून बावीस नंबर म्हणायचो. बेलापूरच्या एका इमारतीत आमचं लहानसं ऑफिस होतं. काम असं, की कंपन्या आम्हाला एखादं नाव द्यायच्या आणि लोक इंटरनेटवर त्या नावाला किती विचारतात, कसं बोलतात, हे आम्ही मोजून सांगायचो. एका बूट बनवणाऱ्या कंपनीला बावीस नंबरच्या नावाचा जुना बूट पुन्हा बाजारात आणायचा होता. त्याआधी तिला बघायचं होतं की हा माणूस कोणाला आठवतो तरी का.

हे काम माझ्या एकट्याच्या नावावर आलेलं पहिलं काम. मी प्रोबेशनवर होतो. आटपाडीच्या शाळेतून निघालेला, विट्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मला इथे कामाला घेतलं याचंच मला इतकं अप्रूप होतं की पाणी प्यायला उठायचं तरी मी आधी आजूबाजूला बघायचो. आमचे टीमलीड शेखर सर म्हणायचे, "अरे बॉस, रिलॅक्स. पाण्याचे पैसे कापत नाही आपण." त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मुलाखतीत माझं इंग्रजी अडकलं तेव्हा त्यांनीच मराठीत विचारलं होतं, "सरासरी आणि मध्यक यात फरक काय ते सांग, बाकी सोड."

मोजायचं कसं, तर त्याचं नाव किती जण शोधतात ते बघायचं. कुठे कुठे त्याचा उल्लेख होतो ते गोळा करायचं. आणि त्याच्या व्हिडिओंखाली लोक जे लिहितात ते एकेक वाचून त्यावर शिक्का मारायचा: चांगलं, वाईट, किंवा दोन्ही नाही. यंत्रही शिक्के मारायचं, पण त्याला टोमणे कळायचे नाहीत. ते माणसाने बघायचे. शेवटी सगळ्याचा मिळून एक आकडा निघायचा. माझ्या हातात आला तेव्हा बावीस नंबरचा आकडा उतरणीला लागला होता आणि आठवड्यागणिक थोडा थोडा खाली सरकत होता.

तो कधीच मोठा तारा नव्हता. बहुतेक सामन्यांत तो बाकावर बसायचा आणि कोणी दमलं की आत यायचा. जुन्या व्हिडिओत तो बाकावर बसलेला दिसतो तेव्हा त्याचे गुडघे छातीपर्यंत आलेले असतात. आता तो घरामागच्या अंगणातून छोटे व्हिडिओ टाकायचा. बॉल कसा धरायचा, पाय कसे ठेवायचे. गुडघा गेलेला, त्यामुळे स्वतः उडी न मारता नुसतं हाताने दाखवायचा. कधी टोमॅटोची रोपं दाखवायचा. व्हिडिओ संपला तरी दोन-तीन सेकंद तो कॅमेऱ्याकडे बघत राहायचा, कारण बंद करायचं बटण त्याला पटकन सापडायचं नाही. मी ते दोन-तीन सेकंद नेहमी पूर्ण बघायचो.

खरं सांगायचं तर त्या मे महिन्यात माझ्याकडे तोंड करून इतका वेळ बघणारा तो एकटाच होता.

मी तेव्हा याच सोसायटीत एका खोलीत भाड्याने राहायचो. बरोबरचे दोघे सुट्टीला गावी गेलेले. प्रोबेशनवर सुट्टी मागायची माझी हिंमत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोलायचो नाही, असंही झालंय. सोमवारी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दर्शनाने "गुड मॉर्निंग" म्हटलं की माझा घसा खरखरायचा, आधी खाकरावं लागायचं. पण हे घरी कळू द्यायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी आहे. मी शिकावं म्हणून त्यांनी मला गिरणीत कधी उभं राहू दिलं नाही. पीठ डोक्यावर बसलं की उतरत नाही, म्हणायचे. त्यांना मी काय सांगणार? पंख्याखाली खुर्चीवर बसून करायचं काम मिळालंय आणि तरी रडावंसं वाटतं, असं? त्यामुळे फोनवर सगळं छान असायचं. मित्र छान, ऑफिस छान, हवा छान. नेरूळची मेमधली हवा ज्याने अंगावर घेतलीय त्याला कळेल मी किती खोटं बोलत होतो.

काम काय ते मात्र खरं सांगितलं होतं. सही विसरून बावीस नंबरचा एक व्हिडिओही घरी पाठवला होता. आईला ते पटकन उमगलं. आमच्याकडे चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. वर ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांगेने बारीक बारीक तोंडं. जितकी तोंडं जास्त तितका माणूस वजनदार.

"म्हंजे फ्लेक्सवरली तोंडं मोजायची," आई म्हणाली.

"तसंच."

"आन् ह्या तुझ्या बावीस नंबराची किती हायत?"

"कमी आहेत. अजून कमी होत चाललीत."

"मग तुझं काय?"

"माझं काय? मी नुसतं मोजतो."

पण आईच्या आवाजात काळजी उतरली होती आणि ती मी ऐकायला हवी होती. आमच्या बाजूला ज्याच्या फ्लेक्सवर तोंडं कमी त्याच्याकडे काम करणाऱ्या पोराचंही काही खरं नसतं. साहेब पडला की त्याच्या माणसांचंही गेलं. आई-आबांना वाटलं, बावीस नंबर हाच माझा साहेब.

संध्याकाळी मी सेक्टरच्या बागेत जायचो. सिडकोने तिथे बास्केटबॉलचं कोर्ट करून ठेवलंय. एरवी पोरांची मारामारी चालते, मेमध्ये तिथे कबुतरं फिरतात. कडेच्या सिमेंटच्या पायरीवर बसून मी बावीस नंबरने दाखवल्याप्रमाणे हात वर करून मनगट वळवून बघायचो. हातात बॉल नसायचा. खाडीकडून चिखलाचा, मिठाचा वास यायचा. वॉचमन एकदा लांबून बघत होता, मग जवळ येऊन म्हणाला, "खांदा धरलाय का साहेब? बाम देऊ?"

महिना अर्धा सरला असेल, तेव्हा एका सकाळी ऑफिसात गेलो तर आलेखावर बावीस नंबरची रेघ एकदम उभी राहिलेली. इतके दिवस खाली घसरणारी रेघ भिंतीसारखी सरळ वर. शेखर सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"हे काय आहे? मेला की काय?"

माणूस मेला की रेघ अशीच वर जाते. आमच्या कामातली ही रोजची गोष्ट. मी घाईघाईने बातम्या शोधल्या. नाही, जिवंत होता. आदल्या दिवशीच टोमॅटोचा व्हिडिओ टाकला होता. गर्दी त्या व्हिडिओखाली होती, आणि ती भारतातून आली होती.

"बॉट्स," सर म्हणाले. "कोणीतरी पैसे देऊन खोटी खाती मारलीत. साफ कर."

खोटं खातं ओळखायच्या आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. स्वतःचा फोटो नाही, फुलाचा किंवा देवाचा आहे. स्वतः कधी काही लिहिलेलं नाही. नाव माणसाचं वाटत नाही. आणि सगळी एकाच भागातून, एकाच दिवशी आलेली. मी यादी उघडली. गुलाबाचं फूल. मारुती. ट्रॅक्टर. 'शेतकरी राजा'. 'आईचा आशीर्वाद'. प्रत्येक खूण जुळत होती. दर्शना, मूळची घणसोली गावातली, खुर्ची सरकवून वाचायला लागली आणि हसू आवरेना तिला.

"अरे, मराठीत आहेत! ऐक. 'एकच नंबर साहेब.' 'साहेब, टोमॅटोला ताक फवारा, करपा जाईल.' 'आटपाडीला या, डाळिंब खायला घालतो.' आणि हे बघ, 'भावी नगराध्यक्ष'!" तिने टेबलावर हात आपटला. "बिचारा अंगणात बसलाय तिकडे, आणि ह्यांनी त्याला तिकीटपन दिलं!"

सगळं ऑफिस हसत होतं. मी हसलो नाही. 'भावी नगराध्यक्ष' हा माझा चुलत भाऊ होता. ताक फवारा म्हणणारे माझे शाळेतले गुरुजी. ट्रॅक्टर म्हणजे आमच्या गल्लीतले नाना, आणि मारुती म्हणजे माझा मामा. ते गुलाबाचं फूल आमच्या परसातलं होतं, आणि ते आबांचं खातं होतं.

मी जिन्यात जाऊन आईला फोन केला. ती आनंदातच होती.

"वाढली का तोंडं?"

"आई, हे कोणी केलं?"

"कोणी म्हंजे? तुझ्या आबानं. जो दळण घिऊन यील त्याला म्हनायचं, पीठ हुस्तवर मोबाईल काढा. आधी साहेबाला लाईक, मग डबा. मास्तर तर दोनदा आलं, दळण नसताना."

मला हसू आलं. वर आलो तेव्हा दर्शना हसायची थांबली होती. तिने तिचा स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"हे मी मोठ्याने नाय वाचलं," ती हळू म्हणाली. "तुजा बापूस हाय का ह्यो?" ऑफिसात ती शहरी बोलायची, तिची घरची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

गुलाबाच्या फुलाशेजारी लिहिलेलं होतं. आबांना टाइप करता येत नाही, ते फोनला बोलून लिहायला लावतात, त्यामुळे कुठे स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. 'नमस्कार साहेब मी महेशचा वडील बोलतोय पोरगं तुमच्याकडं कामाला आहे हुशार आहे पण मनातलं बोलत नाही फोनवर सगळं छान म्हणतो मला कळतं तिथं त्याला कोण नाही तेवढं सांभाळून घ्या तब्येतीला जपा गुडघ्याला एरंडाचं पान बांधा.'

त्याच्याखाली बावीस नंबरने एक लाल बदाम दाबला होता. त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. दिसेल त्याला तो बदाम दाबायचा.

दर्शनाने तिच्या डब्यातली भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "आमच्या घरात एकटं बसायला जागा नाय मिलत. तू कसा राहतोस रे?" मी भाकरीचा तुकडा मोडून सुकटीबरोबर खाल्ला. मग उठून शेखर सरांकडे गेलो.

"सर, ते बॉट्स नाहीत. माणसं आहेत."

"कशावरून?"

"माझ्या गावातली आहेत. ते गुलाबाचं फूल माझे वडील आहेत."

सर आधी हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. "प्रोबेशनवर आहेस, माहितीये ना? क्लायंटला कळलं तर म्हणेल, आकडे आपणच फुगवले."

"माहितीये सर. म्हणूनच सांगतोय."

त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. गिरणी, डबे, मास्तर. ते पेन फिरवत ऐकत होते. "खरी आहेत, मान्य," शेवटी म्हणाले. "पण त्याच्यासाठी आलेली नाहीत ना रे. काढावी लागतील. आणि का काढली ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही. उगाच त्यांना खोटी म्हणू नकोस."

त्या दुपारी मी माझं गाव एकेक करून हिशेबातून काढलं. मामा, नाना, गुरुजी, चुलत भाऊ. काढण्याचं कारण लिहायला एक रकाना होता आणि त्यात निवडायला एकच शब्द तयार होता, 'बनावट'. मी तो घेतला नाही. प्रत्येकासमोर हाताने लिहिलं: 'खरी व्यक्ती. विषयाशी संबंध नाही.' आबांच्या ओळीवर सगळ्यात शेवटी आलो. तिथेही तेच लिहिलं. ते बरोबरच होतं. बावीस नंबर किती लोकप्रिय आहे, याच्याशी त्या ओळीचा काही संबंध नव्हता. संध्याकाळपर्यंत ती उभी भिंत नाहीशी झाली आणि रेघ पुन्हा आपल्या उतारावरून चालायला लागली.

तो बूट नंतर आला की नाही, मला माहीत नाही. क्लायंट तसं कळवत नाहीत. माझी नोकरी मात्र पक्की झाली आणि त्याबद्दल मी शेखर सरांचा आजही ऋणी आहे. अजून मी असल्याच कामात आहे. किती नावं आली आणि गेली. या कामात शिकलो ते एवढंच, की आमच्या आकड्यात फक्त बोललेलं येतं. एखाद्याला आठवून कोणी नुसतं गप्प बसलं, तर ते आमच्यापर्यंत पोहोचत नाही. बावीस नंबरला असं गप्प बसून आठवणारे किती असतील, कुणास ठाऊक. मी स्वतः त्यातला एक आहे. त्याचे सगळे व्हिडिओ मी पाहिलेत, पण त्यांच्याखाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

आणि काकूंच्या घरात आंबे उलटे करताना हेही जाणवतं, की रिकामी सोसायटी मला आता तेवढी खायला उठत नाही. एकटेपणा गेला असं नाही. तो आहेच, फ्रिजच्या आवाजासारखा. फक्त तो लपवायची दगदग राहिली नाही. ती कधी संपली तेही मला ठाऊक आहे.

गाव हिशेबातून काढलं त्याच दिवशी ऑफिसातून परतलो तो घरी गेलोच नाही. पाठीवरची बॅग तशीच घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसलो. ऊन उतरलं होतं, पण सिमेंट अजून तापलेलं होतं. आबांना फोन लावला. संध्याकाळची दळणाची वेळ, गिरणी जोरात चालली होती. तिच्या घरघरीवरून ते ओरडून बोलत होते.

"काय म्हनलं साहेब?"

"साहेबांनी वाचलं, आबा. बदाम दिला."

"बदाम? मग चांगलं हाय की! आता तुझं कसं चाललंय?"

छान, हा शब्द तोंडापर्यंत आला. समोर कबुतरं दाणे टिपत होती. मला त्या गुलाबाच्या फुलाशेजारची ओळ दिसत होती, जिच्यात कुठेच थांबा नव्हता.

"आबा," मी म्हणालो, "मला हितं करमत न्हाय."

"काय? ऐकू यीना!"

"करमत न्हाय मला. बोलायला कोन न्हाय हितं."

पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला. पट्टा फडफडला, जातं हळू झालं, अजून हळू झालं आणि थांबलं. इतकी शांतता मी आमच्या गिरणीत त्या वेळेला कधी ऐकली नव्हती. एक बाई म्हणाली, "अवो आबा, माझं दळान अर्ध्यात हाय."

"बस जरा, मावशे. पोराचा फोन हाय." मग माझ्याशी, अगदी जवळून, न ओरडता: "हां. बोल."